शेजाऱ्याच्या वतीने घेतलेली परीक्षा

(‘बिनतारी उपकरणांची चाचणी आणि नागरिकांचे कर्तव्य’ या विषयावरील भाषणाचा मजकूर)



आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरात बिनतारी लहरी सोडणारी उपकरणे किती आहेत, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. प्रत्येकाच्या हाती मोबाइल असतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात वाय-फायचा राउटर, कानात ब्लूटूथचे यंत्र, मनगटावर घड्याळ, दाराशी बिनतारी घंटा, मोटारीच्या किल्लीत बटण आणि मुलांच्या हाती दूरनियंत्रणाचे खेळणे. मोजू लागले तर दोन्ही हातांची बोटे अपुरी पडतात. यातील प्रत्येक वस्तू म्हणजे एक छोटेसे प्रक्षेपण केंद्र आहे.

ज्यांनी १९७० च्या दशकातील घरे पाहिली आहेत, त्यांना वेगळे चित्र आठवेल. तेव्हा घरात साधा रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे शुल्क भरावे लागे. तो रेडिओ बिचारा केवळ ऐकणारा होता, बोलणारा नव्हता. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. आज ऐकणारी आणि बोलणारी अशी दोन्ही प्रकारची यंत्रे परवान्यावाचून घराघरांत नांदत आहेत. हे स्वातंत्र्य आपल्याला कशाच्या बळावर मिळाले, ते टिकवण्यासाठी पडद्यामागे कोणती व्यवस्था काम करते आणि त्या व्यवस्थेत आपला वाटा कोणता, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

परवाना माणसाचा होता, तो वस्तूचा झाला

ब्रिटिश राजवटीत १८८५ साली तार कायदा झाला. पुढे बिनतारी यंत्रे आल्यावर १९३३ साली स्वतंत्र बिनतारी तार कायदा करण्यात आला. या कायद्याने बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगायलाही परवाना आवश्यक ठरवला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात बिनतारी नियोजन व समन्वय शाखा स्थापन झाली. कोणत्या वारंवारतेवर कोणी बोलावे याचा हिशेब ती ठेवते. ‘डब्ल्यूपीसी’ या आद्याक्षरांनी ती उद्योगजगतात ओळखली जाते.

प्रत्येक मोबाइलधारकाला आणि प्रत्येक राउटरच्या मालकाला स्वतंत्र परवाना द्यायचा ठरवले, तर त्या कामाला अंत उरणार नाही. म्हणून जगभरच्या नियामकांनी दुसरा मार्ग काढला. काही लहरींचे पट्टे सर्वांसाठी खुले करायचे आणि तेथे केवळ कमी शक्तीची, मान्यताप्राप्त नमुन्याबरहुकूम बनवलेली उपकरणे चालू द्यायची. भारतात २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा असा खुला झाला. घरोघरीचे वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यावर चालते. त्या नियमांनी प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनाच्या एकाग्रतेसह ४ वॅटपर्यंत मर्यादित केली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या परिसरातील मोठा पट्टाही खुला करण्यात आला.

या सवलतीला दोन अटी जोडलेल्या आहेत आणि त्या मुळातून समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली अट अशी, की अशा उपकरणाने परवानाधारक यंत्रणेला व्यत्यय आणता कामा नये. दुसरी अशी, की इतरांमुळे त्यालाच व्यत्यय आला तर त्याने संरक्षण मागू नये. सार्वजनिक विहिरीवर ज्याला मुक्तपणे पाणी भरू दिले आहे, त्याने पाणी गढूळ करू नये आणि गर्दी झाली म्हणून तक्रारही करू नये, असाच हा संकेत आहे. उपकरण पहिली अट पाळते की नाही, हे वापरणाऱ्याला कळण्याचा काही उपाय नसतो. ते यंत्राने मोजूनच ठरवावे लागते. त्या मोजणीचे नाव चाचणी आणि तिच्या आधारे मिळणारी संमती म्हणजे ‘उपकरण-प्रकार मान्यता’, व्यवहारातील शब्दांत ‘ईटीए’. एकेकाळी माणसाने काढायचा परवाना अशा रीतीने वस्तूकडे गेला. परवाना गेला, शिस्त मात्र गेली नाही. तिचे ठिकाण बदलले.

एका सुराबरोबर निघणारे इतर सूर

तंबोऱ्याची तार छेडली की मुख्य स्वराबरोबर त्याचे उपस्वरही ऐकू येतात. गायनात ते माधुर्य देतात. बिनतारी प्रक्षेपकातूनही मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या लहरी निघतात. येथे मात्र त्या दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात. उदाहरणार्थ, ४४६ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एखाद्या साध्या वॉकीटॉकीची तिसरी उपलहर १३३८ मेगाहर्ट्‌झवर येते. चांगल्या यंत्रात ही उपलहर गाळण्या बसवून दाबलेली असते. स्वस्त यंत्रात त्या गाळणीचे चार रुपये वाचवलेले असतात. दोन्ही यंत्रांतून बोलणे सारखेच ऐकू येते, त्यामुळे ग्राहकाला फरक जाणवत नाही.

तो फरक ज्याला जाणवतो, असा एक शेजारी महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून आणि चिकाटीतून ती साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ही जागा निवडण्यामागे अनेक कारणे होती. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट तेथे कमी होता, हे त्यांतील एक प्रमुख कारण. दूरच्या दीर्घिका, स्पंदक तारे आणि विश्वात पसरलेला हायड्रोजन यांच्याकडून येणाऱ्या लहरी ही दुर्बीण ऐकते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापरेली’ यान मंगळाकडे उतरत असताना त्याचा क्षीण संदेश याच तबकड्यांनी टिपला.

हे काम किती नाजूक आहे, हे एका तुलनेतून ध्यानात येईल. आपल्या खिशातला मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील मोजक्या सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकी एक भासेल. आता तोच मोबाइल किंवा तीच सदोष वॉकीटॉकी चंद्रावर नसून शेजारच्या गावात असेल, तेव्हा काय होत असेल याची कल्पना करावी. या विज्ञानाची कदर जगाने नियमांतही केली आहे. हायड्रोजनची लहर १४२० मेगाहर्ट्‌झच्या किंचित वर येते. म्हणून आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात कोणीही कोणतेही प्रक्षेपण करू नये, असे बंधन आहे. खोडदच्या दुर्बिणीमुळे पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीचाही फेरविचार करावा लागला. शांतता हीसुद्धा राष्ट्रीय संपत्ती असू शकते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

लाभ एकाचा, त्रास तिसऱ्याचा

बाजारात निकृष्ट माल आला तर गिऱ्हाईक तो परत करते, दुकानदाराची पत जाते आणि काही काळाने तो माल नाहीसा होतो, असे अर्थशास्त्र सांगते. पंखा आवाज करू लागला किंवा इस्त्री तापेनाशी झाली, तर तक्रार विकत घेणाराच करतो. बिनतारी उपकरणाच्या बाबतीत हा न्याय चालत नाही. सदोष प्रक्षेपक विकत घेणाऱ्याचे काम उत्तम चालते. किंबहुना नियमापेक्षा जास्त शक्ती सोडणारे यंत्र त्याला अधिकच आवडते, कारण त्याचा पल्ला लांबचा असतो. त्रास होतो तो तिसऱ्याच कोणाला तरी, आणि तो त्रास कोठून येतो हे त्या तिसऱ्याला कळत नाही. विकणारा खूश, घेणारा खूश आणि ज्याचे नुकसान झाले तो व्यवहारात हजरच नाही. अशा गैरहजर माणसाचे हित बाजार पाहू शकत नाही. ते पाहण्यासाठी बाजाराबाहेरची व्यवस्था लागते.

हे केवळ तर्काने सिद्ध करायचे नाही. घडलेल्या घटना आहेत. २००४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, कोर्व्हॅलिस या गावी, उपग्रहांना १२१.५ मेगाहर्ट्‌झवर संकटाचा संदेश मिळाला. विमान कोसळल्यावर किंवा जहाज बुडू लागल्यावर ज्या वारंवारतेवर मदतीची हाक दिली जाते, तीच ही वारंवारता. शोध घेणारी पथके ज्या दारापर्यंत पोहोचली, तेथे ना विमान होते ना जहाज. एका तरुणाच्या घरातील दूरचित्रवाणी संच बिघाडामुळे नेमक्या त्या वारंवारतेची लहर सोडत होता. संच पुन्हा चालू केला तर मोठा दंड होईल, अशी समज त्याला देण्यात आली. त्याचा दोष काहीच नव्हता, त्याचे चित्रही स्पष्ट दिसत होते. परंतु त्याच वेळी कोठे खरोखर विमान पडले असते तर?

ब्रिटनमधील वेल्समध्ये अबरहोसन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील रहिवाशांचे इंटरनेट सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता कोलमडत असे. तारा बदलूनही उपयोग झाला नाही. अखेर २०२० साली अभियंत्यांनी लहरी मोजणारे यंत्र घेऊन गाव पालथे घातले, तेव्हा एका घरातला जुना दूरचित्रवाणी संच रोज त्या वेळी सुरू होताना विद्युत गोंगाट फेकत असल्याचे आढळले. मालकाला याचा पत्ताही नव्हता.

तिसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. विमानतळाजवळील वाऱ्याचे अचानक होणारे बदल टिपण्यासाठी अमेरिकेत ५.६ ते ५.६५ गिगाहर्ट्‌झवर चालणारी डॉप्लर रडारे बसवलेली आहेत. २००९ साली पोर्टो रिको बेटावरील सॅन हुआन येथे अशा रडारच्या पडद्यावर खोट्या आकृती दिसू लागल्या. तपासात उंच इमारतींवर बसवलेली, इंटरनेट पुरवणारी बिनतारी उपकरणे दोषी ठरली. अशा उपकरणांनी प्रक्षेपणापूर्वी एक मिनिट कान देऊन ऐकावे, रडारची चाहूल लागताच दहा सेकंदांत ती वाट सोडावी आणि निदान अर्धा तास तिकडे फिरकू नये, असा तेथील नियम आहे. काही ठिकाणी हा गुण यंत्रात नव्हता, काही ठिकाणी तो बंद करून ठेवला होता. संबंधितांना दंड झाले.

ही गोष्ट आपल्यापासून दूर आहे असे मानण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंद झाली. ढगांची ही विषम चाल वेळीच टिपू शकेल असे डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हते. पुढे कुलाब्याला आणि जानेवारी २०२२ मध्ये वेरावली येथे अशी रडारे उभी राहिली. यातील वेरावलीचे रडार सी पट्ट्यातील आहे, म्हणजेच जगभर ५ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायशी ज्याचा शेजार आहे त्या पट्ट्यातील. महानगरावर येऊ घातलेल्या पावसाचे डोळे आणि आपल्या घरातील राउटर हे आकाशात एकाच आळीत राहतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

चाचणीच्या खोलीत

ही परीक्षा होते तरी कशी? तिच्यासाठी खास खोली बांधावी लागते. भिंती, छत आणि दार धातूने मढवलेले असते, म्हणजे बाहेरची एकही लहर आत येत नाही. आतील बाजूस कार्बनयुक्त फेसाचे निमुळते मनोरे ओळीने लावलेले असतात. ते लहरी शोषून घेतात आणि प्रतिध्वनी उमटू देत नाहीत. मध्यभागी एक फिरते मेज असते. त्यावर उपकरण ठेवून ते पूर्ण वर्तुळात फिरवतात. समोर तीन किंवा दहा मीटरवरची अँटेना एक मीटरपासून चार मीटरपर्यंत वरखाली सरकवतात, आडवी आणि उभी धरतात. उपकरण ज्या कोनात सर्वांत जास्त गोंगाट करील तो कोन शोधून काढायचा आणि त्याच कोनात त्याचे माप घ्यायचे, ही या परीक्षेची रीत आहे. सोयीच्या प्रश्नावर येथे गुण मिळत नाहीत.

मर्यादा किती कडक असतात? युरोपच्या नियमांत २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायला १०० मिलिवॅटपर्यंत शक्तीची मुभा आहे. परंतु त्याच्या उपलहरींना १ गिगाहर्ट्‌झच्या वर साधारण १ मायक्रोवॅटपर्यंतच, म्हणजे मूळ शक्तीच्या एक लक्षांशापर्यंतच मोकळीक मिळते. अमेरिकेच्या नियमांत जी उपकरणे मुद्दाम प्रक्षेपण करीतच नाहीत, त्यांच्यावरही मर्यादा आहे. घरगुती उपकरणाचे प्रारण ३० ते ८८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात तीन मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. याशिवाय उपकरणाची वारंवारता उष्णतेत, थंडीत आणि वीजदाब कमीजास्त झाला असता किती ढळते, लहर ठरवून दिलेल्या रुंदीत राहते की कडेला सांडते, हेही तपासले जाते. एखादे यंत्र पुण्याच्या वातानुकूलित कार्यालयात सभ्य वागेल आणि विदर्भातील मे महिन्यात वाट सोडील, तर त्याला उत्तीर्ण कसे म्हणायचे?

शरीराजवळ धरायच्या उपकरणांसाठी आणखी एक चाचणी आहे. मोबाइलच्या लहरींची किती ऊर्जा शरीरात शोषली जाते, ते ‘सार’ या मापाने मोजतात. माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या साच्यात मेंदूतील पेशींसारखे विद्युतगुण असलेला द्रव भरतात, बाहेर मोबाइल पूर्ण शक्तीवर चालू ठेवतात आणि यंत्रमानवाचा हात द्रवात संवेदक फिरवून बिंदूबिंदूचे माप घेतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा एक ग्रॅम पेशींच्या सरासरीने १.६ वॅट प्रतिकिलो अशी आहे. आपल्या मोबाइलचे माप पाहण्यासाठी *#०७# ही कळ दाबावी. बहुतेक मोबाइलवर ते दिसते.

एकदा उत्तीर्ण झाले म्हणजे कायमचे सुटले, असेही नाही. १२ सप्टेंबर २०२३ रोजी फ्रान्सच्या नियामकाने ‘आयफोन १२’ ची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. दुकानातून नमुना उचलून केलेल्या तपासणीत, हातात किंवा खिशात बाळगण्याच्या स्थितीसाठीची ४ वॅट प्रतिकिलोची मर्यादा ओलांडून ते माप ५.७४ भरले होते. हा मोबाइल २०२० पासून बाजारात होता. कंपनीने आज्ञावलीत सुधारणा केल्यावर विक्री पुन्हा सुरू होऊ शकली. मर्यादा आखताना सुरक्षेची मोठी सूट धरलेली असते, त्यामुळे यावरून घबराट माजवण्याचे कारण नव्हते. बोध एवढाच, की बलाढ्य कंपनीचा मालही दुकानातून उचलून पुन्हा मोजायची सवय समाजाने सोडता कामा नये.

परदेशातून आलेली भेट

परदेशात मुले-नातवंडे असलेली कुटुंबे आता महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत. सुट्टीत येताना ती प्रेमाने काही वस्तू आणतात. त्यात एखादे वेळी अमेरिकेतला बिनतारी घरगुती दूरध्वनीही असतो. अमेरिकेत अशा दूरध्वनीला १९२० ते १९३० मेगाहर्ट्‌झचा पट्टा दिलेला आहे. तेथे तो पूर्णपणे कायदेशीर आणि उत्तम प्रतीचा असतो. भारतात आणि युरोपात मात्र १९२० ते १९८० मेगाहर्ट्‌झ ही मोबाइलकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संदेशांची वाट आहे. हा पाहुणा येथे चालू केला की परिसरातील मनोऱ्याला सतत खरखर ऐकू येते आणि आळीतल्यांचे संभाषण तुटू लागते. वस्तू प्रामाणिक, देणारा प्रामाणिक, घेणारा प्रामाणिक. चूक आहे ती भूगोलाची.

यावरून एक महत्त्वाचे सूत्र निघते. बिनतारी उपकरणाची योग्यता ज्या देशात ते वापरायचे त्या देशाच्या लहरवाटपाशी बांधलेली असते. वस्तूवर युरोपचे किंवा अमेरिकेचे चिन्ह आहे म्हणून ती येथे चालेल, असे नव्हे. वाय-फायच्या काही राउटरांमध्ये देश निवडण्याची सोय असते. पल्ला वाढावा म्हणून तेथे दुसऱ्याच देशाचे नाव निवडण्याचा सल्ला अनेक हुशार तरुण एकमेकांना देतात. ती हुशारी शेजाऱ्याच्या खर्चाने केलेली असते.

परीक्षकाची परीक्षा

या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. उत्पादक चाचणीसाठी जो नमुना पाठवतो तो निवडून, घासूनपुसून पाठवलेला असतो. पुढे कारखान्यातून निघणाऱ्या लाखो नगांत एखादा घटक स्वस्तातला बसवला जातो, एखादी गाळणी गळते आणि कागदावरचे प्रमाणपत्र मात्र तसेच राहते. अनेक साध्या उपकरणांना आता उत्पादकाच्या किंवा आयातदाराच्या स्वयंघोषणेवर मान्यता मिळते. त्यामुळे वेळ वाचला. पण स्वयंघोषणेचे मोल बाजारातील फेरतपासणीवर अवलंबून असते. फेरतपासणी ढिली पडली, तर घोषणा ही केवळ घोषणाच उरते.

दुसरा प्रश्न परीक्षा कोण घेतो हा आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने परकीय प्रतिस्पर्धी राष्ट्रांच्या नियंत्रणाखालील प्रयोगशाळांना आपल्या प्रमाणीकरणातून दूर ठेवण्याचे नियम केले. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंपैकी सुमारे ७५ टक्के वस्तूंची चाचणी चीनमधील प्रयोगशाळांत होते, असे त्या आयोगानेच सांगितले. कारखाना परक्याचा आणि परीक्षकही परक्याच्याच अंगणातला, ही अवस्था जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्रालाही उशिरा खुपली. चाचणीचा आशयही आता व्यापक होत आहे. युरोपने १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटशी जोडलेल्या बिनतारी उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटी लागू केल्या. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी अनिवार्य झाली आहे. उपकरण किती जोरात बोलते, एवढेच आता विचारले जात नाही. ते कोणाशी बोलते, हेही विचारले जाते.

या दृष्टीने स्वदेशी चाचणी क्षमता ही चैनीची गोष्ट नाही. सुदैवाने तिचा पाया आपल्याकडे आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सूक्ष्मतरंग क्षेत्रात काम करणाऱ्या ‘समीर’ या शासकीय संशोधन संस्थेचे मुख्यालय मुंबईत आहे आणि विद्युतचुंबकीय चाचणीचे तिचे केंद्र चेन्नईत आहे. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची तपासणी पुण्याच्या ‘एआरएआय’ मध्ये होते. १ ऑक्टोबर २०१९ पासून दूरसंचार उपकरणांची अनिवार्य चाचणी आणि प्रमाणीकरण टप्प्याटप्प्याने लागू झाले. १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला आणि जून २०२४ पासून तो क्रमाक्रमाने लागू होऊ लागला.

लहान उद्योजकाला चाचणीचा खर्च आणि वेळ जड जातो, ही तक्रार खरी आहे. तिला उत्तरही आहे. आधीच प्रमाणित केलेला रेडिओ-घटक वापरला तर बरेचसे ओझे उतरते आणि रचना कागदावर असतानाच तज्ज्ञाला दाखवली तर पुढची फेरी वाचते. साचा तयार झाल्यावर दोष काढणे महाग पडते, आराखड्यात काढणे स्वस्त. शासनाने उपनगरांतील औद्योगिक वसाहतींच्या जवळ परवडणाऱ्या दरात पूर्वचाचणीची सोय करून दिली, तर प्रामाणिक उत्पादकाला प्रामाणिक राहणे सोपे जाईल.

आपल्या हातात काय आहे

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्या १३ कंपन्यांना नोटिसा दिल्या. वारंवारता, परवान्याची आवश्यकता किंवा ईटीए यांची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या १६,९७० जाहिराती आढळल्या होत्या. त्यानंतर अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसृत झाली. पोलीस, अग्निशमन दल आणि आपत्ती निवारण पथके बिनतारी संचांवर अवलंबून असतात, हे लक्षात घेतले तर या जाहिरातींचे गांभीर्य कळते. यात्रा, मिरवणूक, गडभ्रमंती, शिबिर अशा कामांसाठी आपली मंडळे असे संच हौसेने मागवतात. मागवणाऱ्याने पुढल्या वेळी दोन प्रश्न विचारावेत: हा संच कोणत्या वारंवारतेवर चालतो आणि याचा ईटीए क्रमांक कोणता? विक्रेता निरुत्तर झाला तर खरेदी करू नये.

सोसायट्यांमध्ये मोबाइलचे संकेत क्षीण येतात म्हणून गच्चीवर ‘बूस्टर’ बसवण्याची प्रथा पडली आहे. हे यंत्र चांगल्या-वाईटाचा विवेक न करता समोर येईल ते वाढवून मनोऱ्याच्या कानात ओतते. मनोऱ्याचा कान बधिर होतो आणि एका इमारतीच्या सोयीसाठी आळीभर संभाषणे तुटतात. दूरसंचार कंपनीखेरीज इतरांनी असे यंत्र बसवणे बेकायदेशीर आहे. संकेत अडवणारे ‘जॅमर’ तर शासनाच्या विशेष संमतीवाचून कोणीही, अगदी सद्हेतूनेही, वापरू नयेत. सभागृहात शांतता हवी म्हणून लावलेला जॅमर शेजारच्या घरातून रुग्णवाहिकेला गेलेली हाकही गिळू शकतो.

शासनाची देखरेख आहेच. बिनतारी संनियंत्रण संघटनेची केंद्रे देशभर लहरींवर कान ठेवून असतात. उपग्रहांच्या लहरी तपासणारे तिचे भूकेंद्र आपल्या जालन्यात आहे. तरीही प्रत्येक गच्चीवर आणि प्रत्येक दिवाणखान्यात शासन पोहोचू शकत नाही. तेथे पोहोचते ती नागरिकाची सवय.

बंधू-भगिनींनो, वाहता रस्ता अडवला तर अडवणारा दिसतो, नदीत सांडपाणी सोडले तर रंग दिसतो. लहरींत केलेली घाण दिसत नाही, तिला वास नाही आणि ती करणाऱ्यालाही तिची जाणीव नसते. समुद्रात बोट उलटलेला कोळी, धावपट्टीकडे झेपावणारे विमान, पावसाचा अंदाज बांधणारा वेधशाळेतील अधिकारी, खोडदला रात्रभर आकाश ऐकणारा संशोधक, यांपैकी कोणीही आपल्या घरी येऊन तक्रार करणार नाही. त्यांच्या वतीने एका बंद खोलीत कोणी तरी आपल्या राउटरला चारही बाजूंनी फिरवून पाहिले आहे. पुढच्या वेळी खोक्यावरचा तो बारीक अक्षरांतील क्रमांक वाचायला दोन क्षण द्यावेत. आणि तो नसेल तर वस्तू दुकानदाराला नम्रपणे परत करावी.